उघड्या डोळ्यावरची रेघ

त्या दिवशी सकाळी बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर रेघ नव्हती. मी दुधाची पिशवी पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि दार लावून घेतलं.

मी त्यांच्या घरात भाड्यानं राहायला आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. बाई तापानं फणफणल्या होत्या तेव्हाही रेघ होती. शेजारी साप निघाला आणि सगळी गल्ली अंथरुणातून उठून रस्त्यावर आली, तेव्हा बाई सगळ्यांत शेवटी आल्या, पण रेघ काढून आल्या. "सापाले घाई नोती," असं वर म्हणाल्या.

ही रेघ पापणीच्या वरच्या काठावरून निघायची, बाहेरच्या कोपऱ्याशी पोहोचायच्या जरा आधीच उचलली जायची आणि भुवईच्या टोकाकडे तोंड करून थांबायची. खालचा काठ कोरा. ती असली की बाईंचे डोळे वर उचललेले दिसत. कुणी आत्ताच काही गमतीचं सांगायला सुरुवात केली आहे आणि त्या पुढचं ऐकायला थांबल्या आहेत, असं वाटे. ती नसताना त्यांचे डोळे कसे दिसतात हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. ते माझ्यासारखेच होते.

माझ्या डोळ्यांचे कोपरे जन्मापासून खाली उतरलेले आहेत. शाळेत शिक्षिका विचारायच्या, "घरी काही झालं का गं?" वडशाच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा तिथला कारकून रोज सकाळी विचारायचा, "मॅडम, बरं नाही का?" मी "बरं आहे" म्हणायची आणि त्याला ते पटायचं नाही.

खोली पाहायला मी बाईंच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी भाडं सांगितलं नाही की नियम सांगितले नाहीत.

"रडून आली का वो?"

"नाही. माझे डोळेच असे आहेत."

त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं, भाजीवाल्याकडचं वांगं वळवून पाहावं तसं.

"डोरे चांगले हाये. कोपरे पडले फकस्त. बस इथी."

खोली मी नंतर पाहिली. आधी अर्धा तास त्यांच्या ओसरीवर, लाकडी पेटीवर बसले. ती पेटी त्यांची रंगपेटी होती.

दिवाळी झाली, धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मुख्य रस्त्यावर नाटक मंडळींच्या कचेऱ्या उघडतात, मोठे मोठे फलक लागतात, आणि गावोगावच्या मंडईच्या जत्रेला, शंकरपटाला नाटकं ठरतात. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. बाई या नाटकांत रंगभूषा करायच्या. त्यातही तोंड रंगवायला दुसरी माणसं असत. बाईंकडे फक्त डोळे. 'डोळेवाल्या बाई' हीच त्यांची ओळख होती. त्यांचं नाव मला रेशनकार्डावर दिसलं तेव्हा ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि समोर आरसा धरला. मी सगळ्या करतात तसंच केलं. एक डोळा मिटला, बोटानं कानशिलाकडची कातडी ताणली आणि रेघ ओढली. त्यांनी माझ्या हातावर चापटी मारली.

"काऊन ताणून राह्यली? ताणलेल्या कातडीवर सारंच सरळ दिसते. सोडली का मंग कळते."

मी सोडली. रेघ कोपऱ्यावर येऊन मोडली आणि गालाकडे घसरली.

"डोळा मिटल्याशिवाय जमत नाही मला."

"जमन. बंद डोऱ्यावर रेघ काढाची नाई. कधीच नाई. झोपल्या माणसाले नटवून का करतं? डोरा उघडा ठेव. समोर पाय, आरशात, सोताकडे. सोताची लाज वाटते का?"

वाटत होती. ते मी सांगितलं नाही, पण त्या वळून पदराशी काहीतरी करत बसल्या आणि मला तेवढा वेळ दिला. पुढे मी रोज रेघ काढून कॉलेजात जाऊ लागले आणि कारकुनाचं विचारणं थांबलं.

रेघ सरळ यावी म्हणून त्या एक तिकीट वापरायच्या. पूर्वी रेल्वेची पुठ्ठ्याची छोटी तिकिटं मिळत, त्यातलं एक. खालच्या पापणीच्या टोकापासून भुवईच्या टोकापर्यंत ते तिरपं टेकवायचं आणि त्याच्या कडेनं रेघ ओढायची. मधल्या काळात त्यांनी एसटीचीही तिकिटं वापरून पाहिली होती. यंत्रातून निघणाऱ्या आताच्या तिकिटांवर मात्र त्यांचा राग होता. कंडक्टरनं तिकीट दिलं की त्या ते दोन बोटांत धरून हलवत आणि त्याला सांगत, "यात दम नाई, भाऊ. पहिलेच्या तिकिटानं माणूस बी पोचे अन् रेघ बी." कंडक्टरला काय कळणार? तो म्हणायचा, "बाई, मांगं सरका."

जगाकडे पाहण्याची त्यांची एकच रीत होती. निवडणुकीचे फलक लागले की त्या रिक्षातून उतरून एकेका उमेदवारासमोर उभ्या राहत. "हा पडते. डोरे पाय त्याचे, आधीच पडले." तो निवडून आला तर म्हणत, "मंग दुसऱ्याचे जास्त पडले असन." गावदेवीला चांदीचे डोळे बसवले तेव्हा सगळ्या बाया हात जोडून उभ्या आणि बाई मान वाकडी करून पाहत होत्या. पुजाऱ्याला म्हणाल्या, "कोपरे जरासे उचलले असते तं माय हासली असती. आता भेव दाखवते." पुजारी म्हणाला, "देवीनं भेव दाखवाव नाई तं का कराव?" बाईंना हे उत्तर पटलं नाही. परत येताना म्हणाल्या, "तिले बिचारीले इचारलं का कोनी?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत आणतात. आमच्या गल्लीतले बैल कोपऱ्यावरचे सुतारभाऊ करायचे, आणि त्या बैलांचे डोळे रंगवायचा मान बाईंनी कधीतरी स्वतःच घेतला होता. गल्लीतले सगळे बैल मग सारखेच दिसत. लांब पापण्या, वर उचललेले कोपरे, खालचा काठ कोरा.

सुतारभाऊ दरवर्षी भांडायचे. "बाई, हा बैल हाये का हिरोईन?"

"बैलानं काऊन रडत फिराव? सालभर मार खाते बिचारा. एक दिवस तं नीट दिसू द्या."

"लाकडाचा हाये तो. त्याले कोन मारते?"

"तुमीच तं आत्ता रंधा मारून राह्यले होते."

एके वर्षी तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेत परीक्षक आमच्या गल्लीच्या बैलांच्या रांगेसमोर आले आणि हसू लागले. मुलांना वाटलं आपण जिंकलो. जिंकलो नव्हतो. बाईंनी मुलांना ओसरीवर बसवून चिवडा दिला आणि सांगितलं, "हासले ना ते? मंग झालं. बाकीच्या बैलाकडे पाहून कोनी हासलं का?"

त्यांच्याबद्दल लोक दोन गोष्टी सांगत. एक, त्यांचा नवरा नाटकाच्या गाडीतून कुठल्याशा गावी उतरला आणि पुन्हा चढला नाही. दोन, त्या एके काळी नटी होत्या. पहिल्या गोष्टीबद्दल त्या बोलत नसत. दुसरी त्यांनी मला स्वतः सांगितली, डाळीतले खडे निवडता निवडता.

"वीस वर्साची होती मी. डायरेक्टरनं माहे डोरे पाह्यले अन् म्हणे, हिले आईचं काम द्या, हिच्या तोंडावर रडणं आयतंच हाये. वीस वर्साची मी, अन् माहा पोरगा मिशीवाला. चाळीसचा. 'आई!' म्हणून असा धपकन पायावर पडे का माहे बोटं ठेचे."

"मग?"

"मंग एक दिवस बहिणीनं वेणी घातली. कच्चून घातली. आरशात पाह्यलं तं डोरे वर. मी म्हटलं, हे का झालं?"

तेव्हापासून त्यांच्या दोन्ही कानशिलांवर, वरच्या केसांखाली झाकलेल्या, दोन अगदी बारीक घट्ट वेण्या असायच्या. त्या डोक्यामागे एकमेकींना बांधलेल्या. त्यांनी कातडी जराशी वर ओढली जाई. बाकीचं काम रेघ करायची. हे वेण्यांचं गुपित त्यांनी मला केस धुताना एकदा दाखवलं होतं. चिडल्या की त्या हात मागे नेऊन ती गाठ घट्ट करायच्या. बघणाऱ्याला वाटे अंबाडा सावरताहेत.

"मग तुम्ही हिरोईन झालात?"

"झाली ना. एक सीझन. पन मले स्टेजवर बोलताच नाई ये. मी आपली उभी, खांबावाणी. डायरेक्टर म्हणे, बाई, तुमी दुसऱ्याचे डोरे करा." त्या हसल्या. "बेस झालं. मिशीवाला पोरगा सुटला."

रडणाऱ्या नायिकेचे डोळे सगळ्यांत जास्त उचलायचे, हा त्यांचा नियम होता. नागपूरहून येणाऱ्या नव्या नट्यांना तो उलटा वाटायचा. पायल म्हणून एक मुलगी होती, तिनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "बाई, मी तर या सीनमध्ये रडतेय. डोळे खाली नकोत का?"

"रडाचं काम पानी करते. रेघेनं रडू नये."

मी एकदा त्यांच्याबरोबर कुरखेड्याकडच्या एका गावी गेले होते. ऊन उतरत होतं. पडद्यामागे चटईवर नट्या ओळीनं बसल्या होत्या आणि बाई एकीकडून दुसरीकडे सरकत होत्या. पुढे माणसं तणस पसरत होती. धानाच्या त्या वाळक्या काडावर प्रेक्षक बसतात. बाईंनी मला पडद्याच्या फटीतून अगदी मागचा कोपरा दाखवला. "तिथी एक म्हातारी बसन. तिले डोरा दिसला पायजे. समोरचे तं पैसे देऊन बसते, त्याईले सारंच दिसते."

तिथेच मला मंडळीतला एक रिवाज कळला. बाईंनी डोळे केल्यावर आरसा मागायचा नाही. बाई हनुवटी धरून म्हणत, "माह्या डोऱ्यात पाय." नटीनं पाहायचं, मान हलवायची आणि उठायचं. आरसा मागणं म्हणजे बाईंच्या हातावर शंका. जुन्या नट्या नव्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवत. नाव मोठं झालेल्या नट्याही तो पाळत.

बाईंना मोतीबिंदू होता हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता मागे पाहते तेव्हा सगळं दिसतं. त्यांनी पेपर वाचणं सोडलं होतं. "तूच वाच, पुस्तकवाली, तुले बोलाची सवय होईन," असं म्हणायच्या. मला त्या पुस्तकवालीच म्हणत. तांदूळ निवडताना त्या बोटांनी निवडायच्या. आणि त्यांच्या रेघा हळूहळू वर चढत चालल्या होत्या. एक जवळजवळ भुवईला टेकायची, दुसरी वाटेत थोडी वाकायची. गल्लीतल्या बायांना वाटलं ही नवी फॅशन. बाईंचं चुकत असेल असं कुणाच्या मनातच येईना. कॉलेजातल्या दोन मुली तर तशीच एक रेघ उंच आणि एक वाकडी काढून वाचनालयात आल्या. मी त्यांना पुस्तकं दिली. मलाही ती फॅशनच वाटली होती.

ज्या सकाळी बाईंनी रेघ न काढता दार उघडलं, त्याच दुपारी पायल वाचनालयात आली. रात्रीचा मेकअप तिनं नीट धुतलेला नव्हता. ती माझ्या टेबलासमोर बसली आणि बराच वेळ मासिकं चाळत राहिली.

"दीदी, बाई कशा आहेत?"

"दार लावून बसल्या आहेत. काय झालं?"

तिनं सांगितलं ते असं. आदल्या रात्रीच्या नाटकात तिचं मूल जातं. ती त्याला मांडीवर घेऊन बसते, तोंड वर करते, झोत तिच्या चेहऱ्यावर येतो आणि सगळा मांडव रडतो. दरवेळी रडतो. त्या रात्री झोत आला आणि समोरून कुणीतरी हसलं. मग दुसरं हसलं. मग तणशीवर बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पायलला कळेना. तिनं आरशात पाहिलंच नव्हतं. तिची एक रेघ भुवई ओलांडून कपाळावर गेली होती आणि दुसरी गालावर उतरली होती.

"स्टेजच्या रेघा जाड असतात ना, दीदी. पार मागून दिसतं सगळं."

"बाईंना कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. त्या मागं विचारत होत्या, 'काऊन हासून राह्यले? मराच्या सीनले काऊन हासून राह्यले?' कुणी बोललं नाही. मी आत आले तर त्यांनी माझं तोंड धरलं, अगदी नाकापाशी आणलं, आणि पाहिलं." पायलनं मासिक मिटलं. "पदरानं पुसल्या दोन्ही रेघा. पेन्सिल पेटीत ठेवली. दीदी, मला हसले त्याचं काही नाही. पण त्या काम सोडतील."

संध्याकाळी मी त्यांच्या दारावर थाप मारली. बाई अंधारात बसल्या होत्या. मी दिवा लावला तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दिसत नाही ना तुम्हाला?"

"दिसते. धुकं पडल्यावाणी दिसते."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. मोतीबिंदू हाये. ब्रह्मपुरीच्या शिबिरात सांगितलं होतं डॉक्टरनं."

"मग ऑपरेशन का नाही केलं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तो म्हणे, नंतर महिनाभर डोऱ्याले काहीच लावाचं नाई. काजळ नाई, पेन्सिल नाई. पानी बी नाई."

"महिनाच तर."

"महिनाभर असं तोंड घेऊन फिरू?" त्या माझ्याकडे वळल्या. "मी ह्या डोऱ्यानं दूध घ्याले बी दारात नाई गेली आजवर. आज गेली, तं तू कसं पाह्यलं माह्याकडे, मालूम हाये? जसं कोनी मेलं. आंधरी झाली तं चालन. आंधरे डोरे तरी वर राहीन."

मला बोलायला सुचत नाही. पुस्तकातलं सुचतं, पण ते तिथे चाललं नसतं. मी माझा रुमाल ओला केला आणि माझ्या दोन्ही डोळ्यांवरची रेघ पुसली.

"हे का करून राह्यली?"

"तुमचा महिना संपेपर्यंत मीही काढणार नाही."

"तू तं लयच रडकी दिसशीन."

"दिसेन."

"तो कारकून रोज इचारन."

"विचारू दे."

"लोक म्हणतीन, त्या घरात दोघी बी विधवाच झाल्या एका दिवशी."

"माझं तर लग्नच झालं नाही, बाई."

त्या हसल्या. हसताना त्यांचा हात मागे गेला आणि त्यांनी वेण्यांची गाठ घट्ट केली. "कधीची गाडी हाये चांद्याले?" त्यांनी विचारलं.

आम्ही चांदा फोर्टच्या गाडीनं चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं तिकीट दिलं तेव्हा त्यांनी ते सवयीनं दोन बोटांत धरून हलवलं. या वेळी काही बोलल्या मात्र नाहीत. आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजवा नंतर करायचा ठरला. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी त्यांना मोठा काळा चष्मा दिला आणि तो दिवसभर घालायला सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून बोटं फिरवली.

"याचे कोपरे खाली हाये," त्या म्हणाल्या.

"चष्मा आहे तो, बाई."

"मंग का झालं?"

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन गेले. बाईंनी दार उघडलं. त्यांच्या डोळ्यांवर तो काळा चष्मा होता आणि चष्म्याच्या दोन्ही बाहेरच्या कोपऱ्यांवर, भुवईच्या टोकाकडे तोंड केलेली, सफेद्यानं काढलेली एकेक पांढरी रेघ होती. तिकीट लावून काढलेली. दोन्ही सारख्या. चष्मा हातात घेऊन, अगदी नाकाजवळ धरून काढल्या असणार.

"डॉक्टरनं डोऱ्याले नाई म्हटलं," त्या म्हणाल्या. "चष्म्याचं काही बोलला नाई."

तो महिना बाई तो चष्मा घालून बाजारात गेल्या, देवळात गेल्या, बँकेत गेल्या. सुतारभाऊंनी रंधा खाली ठेवला. "बैल झाले, आता चष्मा बी? आमच्या म्हशीले आणू का?"

"आणा ना. तुमच्यापक्षा बरी दिसन."

मी मात्र माझ्या पडक्या कोपऱ्यांनी कॉलेजात जात होते आणि कारकून रोज विचारत होता. त्याला मी सांगून टाकलं, "हो, बरं नाही." तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

महिना संपला. डॉक्टरांनी हो म्हटलं. आम्ही दोघी ओसरीवर एका आरशासमोर बसलो आणि आपापल्या रेघा काढल्या. बाईंची नेहमीसारखी आली, बसच्या पायरीवर पाऊल ठेवावं तितक्या सहज. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि बघतच राहिल्या.

"अवं बाप्पा. इतके साल तू अशी फिरून राह्यली?"

"काय झालं?"

"डावी खाली जाते तुही! अन् मीच शिकवलं तुले! अन् केस बी पिकले तुहे, सांगितलं नाई."

त्यांनी माझी डावी रेघ पुसली आणि पुन्हा काढायला लावली. ती पुन्हा खाली गेली. त्यांनी पुन्हा पुसली. त्या दिवशी मला कॉलेजला उशीर झाला.

हंगामाची शेवटची नाटकं उरली होती. पायल स्वतः त्यांना न्यायला आली. मी गेले नाही, पण पायलनं नंतर सांगितलं. बाईंनी तिचे डोळे केले. मंडळीतल्या सगळ्या नट्या आजूबाजूला बसल्या होत्या. बाईंनी हनुवटी धरली, पण 'माह्या डोऱ्यात पाय' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी पेटीतून आरसा काढला आणि तिच्या हातात दिला.

"पाहून घे," त्या म्हणाल्या. "आता पाहूनच जाजो. सर्व्या जनी."

पायल म्हणाली, "दीदी, मी पाहिलंच नाही. आरसा धरला आणि डोळे भरून आले. मग बाईच ओरडल्या, रेघ भिजन म्हणून."

त्या रात्री मांडव रडला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पोळा झाल्यावर करायचं ठरलं होतं. श्रावणात एके सकाळी मी दूध घेऊन गेले तर दार आतून उघडलं गेलं नाही. सुतारभाऊंनी खिडकीतून हात घालून कडी काढली. बाई अंथरुणावरच होत्या. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या.

दुपारपर्यंत ओसरी भरली. मंडळीतल्या बाया आल्या, नागपूरहून पायल आली. त्यांना अंघोळ घालताना कुंकू लावायचं की नाही यावर कुजबुज झाली, कारण नवऱ्याचं पुढं काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक म्हातारी बाई म्हणाली, "लावा. सोडून गेलेला माणूस जिताच समजाव." कुंकू लावलं.

मग सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. पायलनं रंगपेटी उघडून पेन्सिल आणि ते पुठ्ठ्याचं तिकीट माझ्यासमोर धरलं. "दीदी, रेघ काढा. रेघेशिवाय नका नेऊ त्यांना. सगळं गाव बाहेर उभं आहे."

मला ते कळत होतं. दूध घ्यायलाही ज्या रेघेशिवाय दारात गेल्या नव्हत्या, त्यांना आता सगळ्या वडशातून जायचं होतं. मी पेन्सिल घेतली. त्यांच्या उशाशी बसले. तिकीट त्यांच्या पापणीच्या टोकाशी टेकवलं.

मग मी ते काढून घेतलं.

"डोळे बंद आहेत," मी म्हणाले.

शेजारच्या बायांना ते समजलं नाही. मंडळीतल्या बायांना समजलं. पायलनं पेन्सिल माझ्या हातून घेतली आणि पेटीत ठेवली.

एक बाई त्यांचे ओले केस मोकळे करायला बसली होती. तिच्या बोटांना त्या बारीक वेण्या लागल्या. "हे का हाये?" म्हणून ती गाठ सोडू लागली.

"ती गाठ राहू द्या," मी म्हणाले.

"अवं, केस मोकरे करा लागते."

"बाकीचे करा. ती गाठ राहू द्या."

माझा आवाज मोठा झाला असावा. त्या बाईनं हात काढून घेतला. मी गाठ चाचपून पाहिली. जरा सैल झाली होती. मी ती पुन्हा ओढून घट्ट केली, त्या करायच्या तशी, आणि वरून केस सारखे केले. बाईंना तसंच नेलं.

पोळा आला. आमच्या घरी कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी सुतारभाऊ दारात उभे होते. त्यांच्या काखेत लाकडी बैल होता, मागे गल्लीतली मुलं आपापले बैल घेऊन.

"मॅडम," ते म्हणाले, "याईचे डोरे राह्यले."

मी रंगपेटी ओसरीवर आणली. बैलांचे डोळे उघडेच होते.

सुतारभाऊ शेजारी उभे राहून पाहत होते. पहिला बैल झाल्यावर ते म्हणाले, "डावा जरासा खाली गेला."

"जातो," मी म्हणाले.

आता खोली आणि ओसरी दोन्ही माझ्याकडे आहेत. बाईंच्या भाच्यानं घर मला भाड्यानं दिलं. पायल हंगामात येते आणि नव्या मुलींचे डोळे करते, आरसा हातात देऊन. चष्मा फळीवर आहे, सफेदा थोडा उडाला आहे. मी रोज सकाळी रेघ काढून दूध घ्यायला दारात जाते. पुठ्ठ्याचं तिकीट माझ्याकडे आहे. त्यावरचं गावाचं नाव पुसलं आहे, आणि त्याची एक कड काळी आहे.